जौहर : तलवारीतला आणि अणूतला

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुटल्यावर फाटकाजवळ आठवीच्या दोन मुलांची जुंपली होती. एकाच्या हातात मोठ्या भावाचा फोन. त्यावर एका वाकड्या तलवारीचा फोटो आणि खाली मजकूर : "हजार वर्षांपूर्वी मुसलमानांना नॅनो टेक्नॉलॉजी येत होती. शेअर करा." दुसऱ्याचं म्हणणं, त्याच्याकडे हाच फोटो आलाय, पण खाली लिहिलंय की हे आपल्या प्राचीन ऋषिमुनींचं विज्ञान आहे आणि परक्यांनी ते चोरलं. फोटो एकच, तलवार एकच, फक्त मालक वेगळे.

"सर, खरं काय?" दोघांनी एकदमच विचारलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बी.एड.ला शास्त्राचा अध्यापन-विषयही घेतला नव्हता. "शोधून सांगतो" म्हणालो आणि दोघांना घरी पाठवलं. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला एका फॉरवर्डची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेणं मला जमलं नाही. पुढचे काही महिने जे वाचलं, जे विचारलं, ते इथे मांडतो आहे. उत्तर त्या दोन्ही मजकुरांपेक्षा मोठं निघालं.

फोटोतली तलवार

आधी त्या तलवारीचं पाहू. ती खरी आहे. सतराव्या शतकातली, असदुल्लाह या नामांकित इस्फहानी कारागिराच्या नावाची, आणि आता स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या ऐतिहासिक संग्रहालयाची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन विद्यापीठातल्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाने तिचा बारीकसा तुकडा तपासला. तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला आणि जे उरलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यांना कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्या, आणि काही नळ्यांच्या आत लोह-कार्बनच्या संयुगाच्या, म्हणजे सिमेंटाइटच्या तारा. नोव्हेंबर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं.

म्हणजे फॉरवर्डमधला एवढा भाग खरा. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. तलवार हजार वर्षांची नाही, साधारण साडेतीनशे-चारशे वर्षांची आहे. काही धातुशास्त्रज्ञांनी या निष्कर्षावर शंका घेतली. त्या नळ्यांमुळेच तलवार मजबूत झाली, हेही सिद्ध झालेलं नाही. आणि असदुल्लाहला नॅनो-नळी माहीत असण्याचा प्रश्नच नाही. त्याला भट्टी माहीत होती, लोखंडाचा रंग माहीत होता आणि हातोड्याचा आवाज माहीत होता. हे कमी आहे असं समजू नका.

एका शब्दाचा प्रवास

मी भाषेचा शिक्षक असल्याने माझा शोध शब्दांपासून सुरू झाला. अशा तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली नसते, रंगवलेलीही नसते. लोखंडाच्या आतूनच ती वर येते. फारसी-उर्दूत या नक्षीला 'जौहर' म्हणतात. जौहरदार तलवार म्हणजे अस्सल. याच शब्दाचं अनेकवचन जवाहिर, त्यातूनच आपला जवाहिऱ्या. आणि उर्दूत अणूलाही जौहरच म्हणतात. अणुबॉम्बला आपण 'जौहरी बम' म्हणतो ना? तलवारीवरच्या लाटेला आणि पदार्थाच्या सूक्ष्मतम कणाला भाषेने एकच नाव दिलं. हा योगायोग आहे, पण पुढे पाहाल की ती लाट खरोखर अणूंच्याच हालचालीने घडलेली असते.

दुसरा शब्द पोलाद. मराठी पोलाद, उर्दू फौलाद, फारसीत पूलाद, आणि रशियनमध्ये लाटांची नक्षी असलेल्या पोलादाला 'बुलात'. आणि या पोलादाचं इंग्रजी नाव 'वूट्झ'. तो बहुधा कन्नड 'उक्कु'चा अपभ्रंश आहे. उक्कु म्हणजे पोलाद. इकडे अरबी काव्यात उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणत, म्हणजे हिंदची. नावांतच पाहा : वस्तू दख्खनची, नाव फारसी, गौरव अरबी.

नवव्या शतकात बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी याने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींवर एक रिसाला लिहिला. त्यात तो लोखंडाचे भेद सांगतो. खाणीतून निघालेलं कडक लोखंड 'शाबुरकान', मऊ ते 'नर्माहान', आणि माणसाने शुद्ध करून घडवलेलं ते फौलाद. कोणत्या देशाची तलवार कशी ओळखावी, तिची नक्षी कशी असते, हे तो ग्राहकाला समजावतो आहे असं वाटतं. सरंदीब, म्हणजे श्रीलंकेच्या पोलादापासून दुसऱ्या मुलखांत पाती बनत, हेही तो नोंदवतो. पुढे अकराव्या शतकात अल-बिरुनीने 'किताबुल जमाहिर' या ग्रंथात रत्नांबरोबर धातूंची माहिती दिली. त्यात त्याने दमिश्कच्या मजीद बिन अली नावाच्या एका लोहाराच्या पुस्तकाचा हवाला दिला आहे. मला हे फार आवडलं. अल-बिरुनीसारखा आलिम एका लोहाराचं नाव घेऊन सांगतो की हे ज्ञान त्याचं आहे.

मुशीत काय घडत होतं

मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत बनत होतं. मध्य आशियात मर्व्ह शहराच्या अवशेषांतही नवव्या-दहाव्या शतकातल्या त्याच्या भट्ट्या सापडल्या आहेत. म्हणजे मक्तेदारी कुणा एकाची नव्हती. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या हेन्री वॉयसी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की इराणचे व्यापारी पोलाद न्यायला त्या खेड्यापर्यंत येत. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए यानेही लिहिलं होतं, की इराणात जौहरदार पाती ज्या पोलादाची बनतात ते गोवळकोंड्याहून येतं.

म्हैसूर आणि सेलमकडची पद्धत थोडक्यात अशी. घडीव लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालायचे. सोबत तरवडीच्या काटक्या, वर हिरवी पानं. तोंड मातीने लिंपून बंद. अशा अनेक मुशी भट्टीत रचून भाता मारत राहायचा. मग सावकाश थंड करून मूस फोडायची. आत मुठीएवढा पोलादाचा गोळा.

आता खरी मौज. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो. काटक्या-पानांचा कोळसा होतो, त्यातला कार्बन लोखंडात शिरतो. कसा शिरतो? लोखंड तर घट्ट आहे! आपण समजतो घट्ट वस्तूत सगळं जिथल्या तिथे असतं. तसं नसतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली तर थोड्या वेळाने शेवटच्या बाकावर वास येतो. धातूतही तसंच घडतं, फक्त फार हळू. मराठीत याला विसरण म्हणतात. १८५५ मध्ये अॅडॉल्फ फिक याने त्याचे नियम मांडले. आणि घट्ट धातूत दुसऱ्या धातूचे अणू किती वेगाने सरकतात ते लंडनच्या टांकसाळीतले रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ मध्ये मोजून दाखवलं. शिशात शिरत जाणारं सोनं त्यांनी मोजलं.

लोखंडाचे अणू रांगेने बसलेले असतात. मधे लहान फटी राहतात. कार्बनचा अणू बारीक, तो त्या फटींतून वाट काढतो, जसा गर्दीच्या विरार लोकलमध्ये सडपातळ मुलगा दारापर्यंत पोहोचतो. लोखंड हजार अंश सेल्सियसवर असेल तर सात-आठ तासांत कार्बन साधारण एक मिलिमीटर आत जातो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. पण कार्बन शिरला की हे तापमान शेकडो अंशांनी खाली येतं. म्हणून भात्यावरच्या भट्टीतही गोळा वितळतो, आणि सुमारे दीड टक्का कार्बनचं पोलाद तयार होतं.

मग लाटा कुठून आल्या? अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी एकत्र बसून याचा छडा लावला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. प्राध्यापक आणि लोहार, दोघांची नावं एका शोधनिबंधावर. त्यांचं म्हणणं असं : खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अंश होता, लाखात काही कण एवढाच. गोळा सावकाश थंड होताना हे अणू सर्वांत शेवटी गोठणाऱ्या जागी ढकलले गेले. ते जाडजूड, त्यांना फटीतून जाता येत नाही. शेजारची जागा रिकामी झाली तरच एक पाऊल पुढे. कार्बन जेवढ्या वेळात एक मिलिमीटर जातो तेवढ्यात हे त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकेही सरकत नाहीत. म्हणून लोहार गोळा पुन्हा पुन्हा तापवतो, ठोकतो, लांबवतो, तरी त्यांच्या रांगा मोडत नाहीत, फक्त चपट्या होतात. चपळ कार्बन प्रत्येक वेळी विरघळून पुन्हा त्यांच्याच आसपास जमतो आणि सिमेंटाइटचे पट्टे बनवतो. पात्यावर आम्ल लावलं की ते पट्टे उठून दिसतात. हाच जौहर.

तापमान जास्त झालं तर पट्टे नष्ट होतात, कमी झालं तर पोलाद फुटतं. लोहाराजवळ थर्मामीटर नव्हता. तांबूस, लाल, केशरी या रंगांमधला फरक ओळखणारी नजर होती. ही नजर बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. कागदावर ती कधीच पूर्ण उतरली नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तो खनिजाचा माल, ती गिऱ्हाइकी आणि युरोपच्या स्वस्त पोलादापुढे तो धंदाही संपला, तेव्हा विद्याही संपली.

मुंबईहून गेलेला गोळा

या इतिहासात आपल्या मुंबईचंही एक पान आहे. कंपनी सरकारचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास पोलादाचे काही गोळे लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यावर निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यातच लिहिलंय की हे पोलाद 'मुंबईत बनतं'. मुंबईत ते बनत नव्हतं, इथल्या बंदरात विकलं जात होतं. बनवणारे आत दख्खनमध्ये होते. पण निबंधात त्यांच्यातल्या कुणाचं नाव नाही. अल-बिरुनीने लोहाराचं नाव घेतलं होतं. सातशे वर्षांनी लंडनपर्यंत फक्त बंदराचं नाव पोहोचलं.

तरी त्या गोळ्यांनी मोठं काम केलं. जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू बनवणाऱ्याने त्यातून एक चाकू घडवला आणि तो या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, स्वतः लोहाराचा मुलगा. वूट्झचं रहस्य फॅरडेला उलगडलं नाही, त्याचा अंदाज चुकला. पण ते शोधताना दोघांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे निबंध आले. त्यांनी मिसळलेल्या धातूंत क्रोमियमही होतं. त्यानंतर अनेकांच्या प्रयोगांतून, जवळजवळ शंभर वर्षांनी, १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने क्रोमियम घालून न गंजणारं पोलाद केलं. आज ते आपल्या प्रत्येकाच्या मोरीत घासलं जातं. रशियात पावेल अनोसोव्ह यानेही बुलातचा पाठलाग केला आणि १८४१ मध्ये आपले प्रयोग छापले. इकडे दख्खनच्या भट्ट्या थंड होत होत्या, तिकडे त्यांच्या मालातून नवं शास्त्र उभं राहत होतं.

मग नॅनो म्हणजे काय

मुलांच्या भांडणातला शब्द 'नॅनो' होता, म्हणून तेही सांगतो. कोणताही धातू म्हणजे दाण्यांचा ढीग असतो, रव्यासारखा. प्रत्येक दाण्यात अणूंच्या रांगा सरळ, पण शेजारच्या दाण्यात रांगांची दिशा वेगळी. दोन दाण्यांमध्ये सीमा असते. साध्या पोलादात दाणा माणसाच्या केसापेक्षा बारीक, पण त्यात करोडो अणू मावतात. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच या संशोधकांनी दाखवलं की दाणे जितके बारीक तितका धातू मजबूत, कारण सीमा धातूला सहज सरकू देत नाहीत.

१९८० च्या दशकात जर्मनीतल्या सारब्रुकेन इथे हर्बर्ट ग्लायटर यांनी हा विचार टोकाला नेला. धातूची वाफ करायची, तिचे अतिसूक्ष्म कण गोळा करायचे आणि दाबून त्यांचा तुकडा बनवायचा. अशा धातूचे दाणे शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाच नॅनोमीटरचा दाणा असेल तर जवळपास निम्मे अणू सीमेवरच येतात. सीमेवर अणूंची बैठक सैल असते, म्हणून तिथून विसरण फार जलद होतं. १९८७ मध्ये ग्लायटर यांच्या गटाने अशा तांब्यात अणूंचा वेग मोजला, तो साध्या तांब्यातल्या वेगाच्या अफाट पट आला. सगळे चकित झाले. पण पुढे अधिक घट्ट नमुने बनवून मोजणी झाली तेव्हा कळलं की आधीच्या आकड्यांत नमुन्यांतल्या पोकळ्यांचाही हात होता. आकडे खाली आले. हॉल-पेचचा नियमही दहा-वीस नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर तसाच चालत नाही, हेही दिसलं. शिवाय हे दाणे तापवले की सीमेवरचे अणू हलतात आणि दाणे पुन्हा मोठे होतात. नॅनो-धातूची मोठी अडचण हीच.

हे मी मुद्दाम सांगतोय. खऱ्या विज्ञानात आपल्याच दाव्याची पुन्हा तपासणी होते आणि दावा खाली आला तर लाज वाटत नाही. फॉरवर्डमध्ये असं कधी होतं का?

भाईंदरचा गाळा

आता शेवटची गोष्ट. त्या दिवशी फाटकाजवळ तिसरा एक मुलगा उभा होता. भांडणात पडला नाही. 'माझे वडील' या निबंधात त्याने "ते नोकरी करतात" एवढंच लिहिलं होतं. कसली ते नाही. त्याचे अब्बू भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करतात हे मला नंतर कळलं. एका रविवारी त्यांना विचारून मी तिथे गेलो.

पत्र्याची गोल चकती प्रेसखाली जाते आणि पातेल्याचा आकार घेते. एकदम खोल ओढली तर फाटते. म्हणून थोडी ओढायची, मग भट्टीत तापवायची, मग पुन्हा ओढायची. "का तापवता?" मी विचारलं.

"सर, दाबून दाबून माल अकडतो. भट्टीत गेला की नरम पडतो," ते म्हणाले. "पण जास्त ठेवला तर पॉलिशला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. टाइम नजरेने कळतो."

मी महिनाभर पुस्तकात जे वाचत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. दाबल्याने दाणे चेपतात, धातू कडक होतो. तापवल्यावर अणू सरकतात, नवे दाणे जन्मतात, धातू मऊ होतो. जास्त वेळ ठेवलं तर दाणे मोठे होतात आणि पृष्ठभाग खडबडीत येतो. हीच असदुल्लाहची नजर.

त्यांनी आणखी एक दाखवलं. कडी जोडलेल्या जागी काही भांडी लवकर गंजतात. गंज जोडावर नाही, जोडाच्या बाजूला येतो. मी घरी येऊन वाचलं. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा थर असतो, तो गंज रोखतो. आपल्या ताटावरचं नॅनो हेच! वेल्डिंगच्या उष्णतेत जोडाच्या बाजूला पोलाद साडेचारशे ते साडेआठशे अंशांत राहिलं, तर चपळ कार्बन दाण्यांच्या सीमेवर धावतो आणि तिथलं क्रोमियम पकडून ठेवतो. क्रोमियम संथ, आतून दुसरं वेळेत येऊ शकत नाही. सीमा उघडी पडते आणि गंज तिथून शिरतो. चपळ कार्बन आणि संथ धातू, हीच जोडी तलवारीत नक्षी काढते आणि कढईत गंज आणते.

गाळ्यात हवा कोंदलेली होती. पॉलिशच्या चाकावर बसलेल्या माणसांची तोंडं काळी झाली होती, नाकाला नुसता रुमाल. त्यांची भाषा मराठी नव्हती, धर्म एक नव्हता. त्या दोन फॉरवर्डमध्ये त्यांच्यापैकी कुणालाही जागा नव्हती.

सोमवारी मी वर्गात उत्तर दिलं. म्हणालो, "ती तलवार एकट्या कुणाची नाही. खाण खणणारा, तरवड तोडणारा, भाता मारणारा दख्खनचा. पोलाद वाहून नेणारा इराणचा, पातं घडवणारा इस्फहानचा, लिहून ठेवणारा बगदादचा. आतले अणू पाहणारा जर्मनीचा. यातला एक वगळा, तलवार बनत नाही किंवा कळत नाही. आणि यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण हातांनी काम करणाऱ्यांना विचारायची सवय आपल्यालाही नाही." मग त्या तिसऱ्या मुलाला उभं केलं आणि विचारलं, "पत्रा भट्टीत का घालतात?"

तो आधी गप्प राहिला. मग बोलू लागला आणि तास संपला तरी थांबला नाही. ती दोन मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

वाचकहो, आपल्या पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा. पण त्या आधी शेजारच्या गाळ्यात एकदा जाऊन या. तिथल्या उस्तादाला नाव विचारा, काम विचारा आणि लिहून ठेवा. मजीद बिन अलीचं नाव आज आपल्याला माहीत आहे, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच.